पाटीवर नसलेला थांबा

पाणवठा सोडून थोडं वर चढल्यावर पुनाजीनं सगळ्यांना बूट-चपला काढायला लावल्या.

इथं काय आहे, असं प्रफुल सरांनी विचारलं. पुलगावहून पाच जणांना घेऊन ते ही निसर्गवाट पाहायला आले होते. पायथ्याच्या पाटीवर तीनच थांबे होते: मोहाचं जुनं झाड, पाणवठा अन् टेकडीचा माथा. या थांब्याचा तिथं पत्ताच नव्हता.

वाटेच्या कडेला कमरेइतका दगडांचा ढीग होता. पुनाजी या वाटेवरचा गाइड, खालच्याच गोंड वस्तीतला. सकाळपासून धावडा, तेंदू, बेहडा दाखवत होता, त्याच आवाजात तो म्हणाला, "हे माह्या पोरीचं ठिकाण हाय. तीन वर्सं झाले. वाघानं नेली."

 

वस्तीची रीत त्यानं सांगितली. वाघानं माणूस नेलं त्या जागेवरून जो जाईल त्यानं एक दगड ठेवायचा, ओळखीचा असो की परका. त्याच्या पोरीची एक चप्पल अन् ओढणी तेवढी मिळाली होती, तीही त्यालाच. भरपाईसाठी वनखात्याकडे तो गेला नाही. गेलेलं माणूस कागदानं थोडंच परत येतं.

लोक आधी भलतंच बोलले म्हणे. वाघ कुठला, पोरगी पळून गेली, असं. बोलणाऱ्याच्या जिभेला हाड असतं का? पण त्या बोलण्यापायी त्याच्या पोराचं, गोपालचं, लग्न दोनदा मोडलं. दुसऱ्यांदा तर मांडवाच्या बल्ल्या आणून टाकल्या होत्या. गोपालनं विहीर जवळ केली. माणसं पाणी भरत होती म्हणून वाचला.

"आता तिसऱ्यांदा जुळलं," पुनाजी म्हणाला. "सोयरे इथवर चढून आले. ढीग पाह्यला, एकेकानं दगड ठेवला, मंग हो म्हणाले. परवा हळद हाय. यावेळी मोडलं तर पोरगं काही राहत नाई."

बरं झालं, असं प्रफुल सर बोलून गेले, अन् मग आपलेच ओशाळले.

एकेकानं दगड ठेवला. एका बाईनं फोटोसाठी मोबाइल काढला, पुनाजीनं नको म्हटल्यावर गुपचूप आत ठेवला. शेवटी मयुरी राहिली. यादीत तिचं नाव ऐनवेळी घातलेलं. आपल्याकडच्या पोरी गाडीवर बांधतात तसा तोंडाला स्कार्फ गुंडाळून ती आली होती, अन् उन्हं डोक्यावर आली तरी तिनं तो सोडला नव्हता. इतरांशी तिचं फारसं बोलणंही झालं नव्हतं.

हातात दगड घेऊन ती ढिगाशी बसली. मग खाली मान घालून विचारलं, "तिची आई कशी आहे?"

"रोज दुपारी येते, दगड ठेवते," पुनाजी म्हणाला. "जेवते बी. रडणं बंद झालं आता."

मयुरी उठेना. सरांनी दोनदा हाक मारली. बाईला ऊन लागलं असेल, असं पुनाजी म्हणाला. माथा समोर दिसतच होता, तेव्हा त्यानं बाकीच्यांना पुढं व्हायला सांगितलं. पाणी पाजून हिला आपण आणतो, म्हणाला. माणसं बोलत बोलत वळणाआड गेली.

पुनाजीनं बाटली तिच्यापुढं ठेवली. तिनं पाणी घेतलं नाही. ती हुंदके देत होती, अन् तो समोरच्या सागाकडे पाहत उभा होता. त्याला ना राग येत होता, ना रडू. तीन वर्षांत दोन्ही आटून गेलं होतं.

वाकून त्यानं तिच्या हातातला दगड घेतला अन् स्वतःच ढिगावर ठेवला.

"मागच्या उतारानं जाजो, रीना," तो म्हणाला. "तुही माय इकडूनच येऊन राह्यली."