मांडीवरचा ससा

महिपत बाळकुम भागातल्या एका कीटकनाशकांच्या कंपनीत लॅबमध्ये होता. फवारणीचं औषध डोळ्यांत गेलं तर किती झोंबतं, हे बघायला तिथे सशांच्या डोळ्यांत थेंब टाकायचे. त्याला ते बघवेना. साहेबांच्या मागे लागून लागून त्याने त्र्याण्णव साली ते बंद पाडलं, आणि चाचणी खाटीकखान्यातून आणलेल्या मेलेल्या जनावरांच्या डोळ्यांवर सुरू झाली. सुटलेला एक ससा तो घरी घेऊन आला.

"नंदे, देवमाणूस मिळालाय गं तुला," शेजारच्या विमलाबाई त्याच्या बायकोला म्हणाल्या.

देवमाणूस घरात पट्ट्याने मारायचा. आमटी खारट झाली, शर्टाला इस्त्री नाही, कुठलंही कारण पुरायचं. एकदा बक्कल नंदाच्या भुवईवर बसलं आणि डोळ्यात रक्त उतरलं. ती किंचाळली, तसा तो खालच्या आवाजात म्हणाला, "हळू रड. तो घाबरतो."

तेव्हापासून त्याचा हात कमरेकडे गेला की नंदा ससा उचलून मांडीवर घ्यायची. पट्टा कमरेलाच राहायचा.

त्या संध्याकाळी भात करपला. महिपतने ताट भिंतीवर फेकलं आणि कमरेचा पट्टा सोडला. नंदाने कोपऱ्यातला ससा उचलून मांडीवर घेतला, त्याच्यावर पदर ओढला आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. महिपत थांबला.



ससा सकाळीच मेला होता.