घोळाचा केक

केक तीन थरांचा होता. वर मलई, मलईवर रासबेरी, शेजारी सुरी. केक अजून कापलेला नव्हता, आणि आणणाऱ्याचा पत्ता नव्हता.

कॉफीसाठी आलेला प्रत्येक जण दारातच थबकला. कारखान्याची रीत सगळ्यांना पाठ होती. ज्याच्या हातून घोळ होईल त्याने केक आणायचा, सगळे जमले की स्वतः कापायचा आणि कापता कापता घोळ सांगायचा. तोवर कोणी काही विचारायचे नाही. नंतर रागवायचेही नाही, कारण तोंडात केक असतो. केक मात्र घोळाच्या मापाचा हवा. काचेची नळी फुटली तर साधे बन चालतात. उल्रिकने झडप उघडी ठेवून वाहनतळभर फेस सोडला, तेव्हा एका थराचा आला होता. तीन थर या खोलीने कधी पाहिले नव्हते.

"कुणी मेलंय का?" उल्रिकने हळूच विचारले.

"माणूस मेला तर केक आणत नाहीत," प्रेबेन म्हणाला. "टाकी मेली असेल."

प्रेबेन पंप आणि पाइप सांभाळायचा, निवृत्तीला टेकलेला. तो हे गमतीने म्हणाला होता. पण तेवढ्यात विबेके आत आली आणि गंमत तिथेच संपली.

खालच्या मोठ्या टाकीत विबेकेचे जिवाणू वाढत होते. गार पाण्यातही कपड्यांवरचे डाग खाऊन टाकणारे एन्झाइम ते तयार करत. त्यांचे एकेक जनुक बदलत तिने कित्येक वर्षे घालवली होती. कोपनहेगनच्या वरिष्ठांनी मोठी टाकी तिला एकदाच दिली होती. साधले तर उत्पादन सुरू. फसले तर जिवाणू कायमचे गोठणपेटीत, आणि विबेके पुन्हा इतरांच्या चाचण्या करायला मोकळी. कालपासून ती गप्प गप्प होती. टाकीची काळजी, असे सगळ्यांनी धरून टाकले होते.

तिने स्वतः आजवर एकदाही केक आणला नव्हता. "तुझा केक खायला मिळावा म्हणून तर निवृत्ती लांबवतोय मी, बाई," हे प्रेबेन तिला दर शुक्रवारी ऐकवायचा.

"कुणाचा?" विबेकेने विचारले. रीत मोडून.

शेवटी उल्रिक पुटपुटला, "सकाळी गोर्मच्या सायकलवर खोकं पाहिलं मी."

गोर्म पाळीचा प्रमुख. काल दिवसभर टाकीपाशी तोच होता. साधे बन आणायची वेळ आली तरी कानापर्यंत लाल होणारा माणूस. विबेकेने त्याला फोन लावला. फोन खुंटीवरच्या त्याच्याच कामाच्या कोटात वाजला.

ती धावतच खाली गेली. मागोमाग प्रेबेन. पडद्यावर ऑक्सिजनची रेघ वर चढत होती. जिवाणू श्वास घेईनासे झाले की ती अशीच चढते. आणि जिवाणूंना मारणारा विषाणू टाकीत शिरला की ते असेच श्वास घेईनासे होतात. मग तो पाइपांतून शेजारच्या टाक्यांत पोचतो, आणि अख्खा कारखाना धुवून काढावा लागतो.

"थांब जरा," प्रेबेन म्हणाला. "साखरेचं पिंप बदलतंय. तेवढ्यात उपाशी राहतात बिचारे, म्हणून रेघ चढते. रोजचंच आहे ते."

"आणि केक?"

पिंपाचे कारण खरे वाटत होते. पण पिंपासाठी कोणी तीन थर आणत नाही.

"नमुना तरी बघून घे."

"नमुना बघेपर्यंत शेजारची टाकी जाईल."

टाकीतले सगळे मारणाऱ्या वाफेची कळ विबेकेने स्वतः दाबली. दुसऱ्या कोणाला दाबू दिली नाही. उकळत्या वाफेने टाकी भरत गेली. रेघ सरळ वर जाऊन टोकाला टेकली आणि तिथेच राहिली. विबेके तिच्याकडे पाहत उभी होती. मग जिना चढून वर आली.

गोर्म आलेला होता. काखेत नव्या झेंड्याची गुंडाळी, गाल थंडीने लाल.

"जमलात सगळे? बरं झालं," तो म्हणाला. "जुना झेंडा पार विरला होता, गावात जाऊन नवा आणला." त्याने सुरी उचलली, घसा खाकरला. "तर ऐका. काल विबेकेला इथे पंचवीस वर्षं झाली. त्या दिवशी माणूस कामावर यायच्या आत फाटकावर झेंडा हवा. उपाहारगृहाच्या आचाऱ्यासाठी लागला, मागच्या साली चौकीदारासाठी लागला. कालचा मी लावायचा होता. पण टाकीपाशी बसलो आणि ती अशी काही सुरेख चालली होती, की उठवेचना. विसरलो. अगं, तू काल झेंड्याशिवायच घरी गेलीस."

कोणी हसले नाही. गोर्मने एकेका चेहऱ्याकडे पाहिले.

"एवढा मोठा घोळ आहे का हा?" त्याने विचारले. मग मान वळवून कानोसा घेतला. "आणि ही वाफ कसली?"

छताच्या पाइपांतून सुसकारे येत होते.

विबेके पुढे झाली आणि तिने त्याच्या हातातली सुरी काढून घेतली.

"दे इकडे," ती म्हणाली. "हा केक माझा आहे."

तिने नीट, सारखे तुकडे कापले. पहिला तुकडा सुरीवर घेऊन तिने प्रेबेनकडे पाहिले. त्याने बशी पुढे केली नाही.