ऐकू जाऊ नये म्हणून

मुख्याध्यापिकेने इंग्रजीच्या पुस्तकातला नेमका तोच धडा उघडला. बाकीच्या पुस्तकाला काय वाळवी लागली होती का, असं आजीच्या अगदी ओठांवर आलं. पण गरज आपली होती, म्हणून तिने ते गिळलं.

धडा आवाजांवरून पडलेल्या शब्दांचा होता आणि समोर बसलेली आठ वर्षांची नात जन्मापासून ठार बहिरी. एवढा धडा जमला तर हिला इतर पोरांबरोबर वर्गात घेऊ, नाहीतर हिने घरीच राहिलेलं बरं, असं बाईंनी ठरवलं. घरी मोठ्या सुनेचंही तेच मत होतं.

आजीचा कपडे धुण्याचा धंदा. शाळा चौथीतच सुटलेली. तिने धाकट्या सुनेकडून, म्हणजे पोरीच्या आईकडून, धडा एकदा वाचून घेतला आणि निकाल देऊन टाकला. यात अक्कल ती काय? आपली फडफड नि खळखळ, तशी त्यांची. जे कानावर पडलं ते पुस्तकात घातलं. मग आईने पुस्तकात एकेका शब्दापुढे अर्थ लिहिला आणि आजीने नातीला आपल्या धुलाईच्या दुकानात नेऊन एकेका यंत्रावर तिचा हात ठेवला.

परीक्षेच्या दिवशी मुख्याध्यापिकेने 'बझ'वर बोट ठेवलं. नातीने टेबलावर तळहात थरथरवला, मोटार फिरते तसा. 'हिस'ला तिने हवेतली इस्त्री उचलली आणि वाफेपासून तोंड बाजूला घेतलं. 'थड'ला ओल्या चादरींचं गाठोडं खांद्यावरून धप्पकन टाकून, जमीन हादरल्यासारखं स्वतःच्या तळपायांकडे बोट दाखवलं. आजी दर खुणेला मान डोलावत होती, जणू गिऱ्हाइकाला कपडे मोजून देत होती.

राहता राहिला 'व्हिस्पर'. पुढे आईचं अक्षर होतं : दुसऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलणे. हा शब्द आजीने शिकवलाच नव्हता. कुजबुजीचं यंत्र कुठून आणायचं?

"तेवढा राहू द्या, बाई," आजी म्हणाली. "तो हात लावून कळण्यातला नाही."

बाईंनी बोट हलवलं नाही.

नातीने शब्द पाहिला, अर्थ वाचला. मग पुढे वाकून तोंडाआड हात धरला, ओठ भरभर हलवले आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. असा उसासा टाकला, की मोठी सूनच येऊन बसली आहे असं वाटावं. त्यानंतर, आजी सरकवते तसा, नसलेला चष्मा नाकावर वर सरकवला आणि पुन्हा तोंडाआड हात. शेवटी उठून ती त्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली आणि खाली मान घालून, एकटीच, जेवू लागली.

मुख्याध्यापिकेने पुस्तक मिटलं. प्रवेशाचा कागद ओढून सही केली.

"आजी, इतका नेमका अर्थ मलाही सांगता आला नसता. हा हिला कोणी शिकवला?"

आजीने चष्मा काढून हातात घेतला.

"घरातल्या सगळ्यांनी मिळून," ती म्हणाली.