हरणाची गोळी

ड्वाइटने तळहातावर दोन काडतुसं धरली होती, एक हलक्या गोळीचं आणि एक जड. वेंडलने ट्रकच्या दिव्यात ती पाहिली आणि हलकं उचललं.

"ती हरणाची आहे," ड्वाइट म्हणाला.

"हरीणही मारायचंच आहे की."

"आणि घोड्याएवढा एल्क आला समोर तर? अरे, ही खांद्याच्या हाडावर आपटली की तिथेच फुटून भुगा होईल. आत पोचायचीच नाही. एल्कला जडच लागते."

"रायफलचा नेम मी हलक्या गोळीवर बसवलाय. जड गोळी लांबवर खाली पडते. ऐन वेळी हिशेब कोण करणार? तू, दाजी?" वेंडलने काडतूस भरून बोल्ट बंद केला. "मी खांद्यामागे मारतो, बरगड्यांत. हाडाचा प्रश्नच येत नाही."

वेंडलपुढे डोकेफोड करून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. ड्वाइटने जड काडतूस मुकाट्याने खिशात टाकलं. यंदा सोडतीत एल्कचा परवाना एकट्या वेंडलला लागला होता. ड्वाइट नुसती दुर्बीण घेऊन आला होता. मांस मात्र मेहुण्या-मेहुण्यांच्या दोन्ही घरांत निम्मं निम्मं जायचं, आणि दोन्ही घरांतले फ्रीझर रिकामे होते.

उजाडता उजाडता एल्कचा कळप झुडपांच्या माळावर उतरला. नर सगळ्यांत मागे होता. वेंडल पोटावर पडून त्याची वाट बघत राहिला. नर आडवा उभा राहिला, वेंडलने खटका ओढला, आणि नेमका त्याच क्षणी नर त्यांच्याकडे वळला. थप्प असा आवाज झाला. कळप उधळला आणि नरासकट पाईनच्या झाडीत शिरला. गोळी लागल्याचा तो थप्प ड्वाइटने स्वच्छ ऐकला. रायफलच्या दणक्यात वेंडलला तो ऐकू आला की नाही, देव जाणे.

दोघं त्या जागेवर जाऊन जमीन धुंडाळू लागले.

या डोंगरातल्या शिकाऱ्यांची एक रीत आहे. रक्त सांडलं की तो प्राणी तुझा, सापडो की न सापडो. परवान्यावरची तारीख चाकूने कापून परवाना संपवायचा, आणि त्या हंगामात दुसऱ्या एल्कवर रायफल रोखायची नाही. कायदा एवढं मागत नाही. वेंडल मागतो. गेल्या साली ड्वाइटचा जखमी नर असाच नाहीसा झाला, तेव्हा सगळ्यांदेखत त्याच्या हातात चाकू देणारा वेंडलच होता. ड्वाइटची बायको लीटा वेंडलची सख्खी बहीण, पण तिने तो अख्खा हिवाळा भावाशी बोलणं टाकलं होतं.

ड्वाइटला ते आधी दिसलं. करड्या दगडावर नखाएवढा हाडाचा तुकडा होता, त्याला केस चिकटलेले, आणि शेजारी रक्ताचा ओला डाग. त्याने त्यावर बूट ठेवला.

खरं तर उट्टं काढायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. पण वाकून गवत चाचपणाऱ्या वेंडलचा चेहरा इतका उतरला होता की ड्वाइटला त्याची दया आली. शिवाय घरी लीटा होती, पोरं होती आणि तो रिकामा फ्रीझर होता.

"काही दिसतंय?" वेंडलने विचारलं.

"काही नाही. चुकली बघ. पाठीवरून गेली."

वेंडल काही बोलणार, तेवढ्यात वर झाडीच्या कडेला दुसरा नर आला. याची शिंगं मोठी होती आणि चाल धड होती. तो पुरता आडवा उभा राहिला, इतका जवळ की त्याच्या श्वासाची वाफ दिसत होती. ड्वाइटने खिशातलं काडतूस वेंडलच्या मुठीत कोंबलं.

"ही भर. इतक्या जवळून खाली पडायची नाही. मार!"

वेंडलने काडतूस भरलं. रायफल खांद्याला लावली, गाल टेकवला, बोट खटक्यावर नेलं. मग रायफल हळूहळू खाली आली.

"पाय उचल," वेंडल म्हणाला.

"काय?"

"मघापासून तो एक पाय हलवला नाहीस तू. उचल."

"अरे, आधी मार ना! मग बघू पायाचं."

"ड्वाइट."

ड्वाइटने पाय उचलला. वेंडलने वाकून हाडाचा तुकडा घेतला आणि बोटांत फिरवून पाहिला.

"खांद्याचं आहे," तो म्हणाला. "तू सांगितलं होतंस."

त्याने रायफल रिकामी केली आणि दगडाला टेकवून ठेवली. बोल्टच्या खडखडाटाने नराने मान वर केली, इकडे तिकडे पाहिलं आणि पुन्हा गवताला तोंड लावलं. असा नर वर्षानुवर्षांत दिसत नाही. वेंडलने आतल्या खिशातून परवाना काढला, मांडीवर सपाट केला आणि चाकू उघडला.

"इथे कोण बघतंय?" ड्वाइट कासावीस होऊन कुजबुजला. "मी कुणाला सांगणार नाही. लीटालासुद्धा नाही. तुझी शपथ."

"हे कापतो, मग त्या जखमीच्या मागावर जाऊ. अंधार पडेपर्यंत शोधू."

"शोधू ना! मी कुठे नाही म्हणतोय? पण कापायची एवढी घाई कशाला? निदान हा जाईपर्यंत तरी थांब."

वेंडलने एकदा मान वर करून नराकडे डोळे भरून पाहिलं, आणि चाकूचं टोक तारखेवर टेकवलं.

"हा गेल्यावर कुणीही कापेल," तो म्हणाला.