चांगला पाइप

“याला कशाला विचारतोस, गॉर्डन? मला विचार. मागे याने निवडलेल्या पाइपाने माझा नवरा गिळला,” मार्लिस म्हणाली आणि तिने पर्स काउंटरवर आपटली.

दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. तिच्या मागे तिचा सावत्र मुलगा डॅरल उभा होता. चाळिशी ओलांडलेला, दारात मावणार नाही असा आडदांड माणूस. त्याने मान खाली घातली.

दुकानदार गॉर्डनने पाइपाचे दोन तुकडे समोर ठेवले. पहिला हलका होता. काळ्या पन्हाळीदार नळकांड्यात दोन बारीक पाइप, भोवती चंदेरी कागद गुंडाळलेला, आणि बाकी पोकळ. दुसरा उचलायलाच दोन हात लागले. त्यात पाइपांभोवती पिवळा फोम काठोकाठ ठासून भरला होता.

“पहिल्यात कधी ना कधी जमिनीतलं पाणी शिरतं,” गॉर्डन म्हणाला. “दुसऱ्यात त्याला शिरायला जागाच नाही.”

“ते मला माहीत आहे. मी दोन हिवाळे बघितलंय.”

खरंच बघितलं होतं. सुपीरियर सरोवरावरून येणारा बर्फ सगळं अंगण कमरेपर्यंत बुजवायचा, पण अंगणातल्या लाकडाच्या बॉयलरपासून घराच्या भिंतीपर्यंत, जिथे गरम पाण्याचा पाइप पुरला होता तिथे, ओल्या मातीचा एक काळा पट्टा उघडाच राहायचा. लाकडं जळायची बॉयलरमध्ये, ऊब मिळायची गांडुळांना. घर उबदार ठेवायचं तर बॉयलरच्या तोंडात सारखा लाकडांचा घास द्यावा लागे. तिचा नवरा रेनो सकाळी जायचा, दुपारी जायचा, झोपेतून उठून जायचा. डॉक्टरांनी त्याला जड उचलू नको म्हणून बजावलं होतं. फेब्रुवारीत तो बॉयलरच्या दारासमोर पालथा पडलेला सापडला. मॅपलची लाकडं तशीच त्याच्या छातीखाली होती.

दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी चालू असताना मार्लिसने सगळ्यांदेखत डॅरलला विचारलं होतं, “तो भिकार पाइप कुणी निवडला?”

“मी,” डॅरल म्हणाला होता.

त्या दिवसापासून तिने त्याला घरात घेतलं नव्हतं. तो यायचा, लाकडं फोडून रचायचा, बॉयलर भरायचा, निघून जायचा. ती खिडकीचा पडदा ओढून घ्यायची. ख्रिसमसच्या जुन्या फोटोतून तिने त्याला कात्रीने कापून काढलं होतं. आज ती त्याच्या गाडीत बसून आली ती एवढ्यासाठीच, की जमीन गोठायच्या आत नव्या पाइपासाठी चर खणायचा होता आणि खणायचं यंत्र गावात त्याच्याकडेच होतं.

“हा दे,” तिने जड तुकड्यावर हात ठेवला. “यात कसलीही काटकसर नको.”

“घरापर्यंत सरळ नको मोजूस, गॉर्डन,” डॅरल हळूच म्हणाला. “सेप्टिक टाकीला वळसा घालावा लागेल. आणि मध्ये जोड नको. जोड आला की गळती आली.”

“बघा, बघा! आता अक्कल सुचतेय!” मार्लिस गर्रकन वळली. “तेव्हा कुठे गहाण टाकली होतीस? बापाचं काळीज दुखतंय हे ठाऊक असून तू त्याला त्या भट्टीला जुंपलंस. सख्खा बाप होता ना तुझा? जनावराला तरी कुणी असं मारतं का? खुनी आहेस तू, डॅरल. ऐकतायत ना सगळे? खुनी!”

कुणीतरी खोकलं. डॅरलचे कान लालबुंद झाले होते.

“बास, मार्लिस,” गॉर्डन म्हणाला. “आता पुरे झालं.”

“तू मध्ये पडू नकोस.”

“पडणार. हा पाइप आहे ना, याच्यावर हात ठेवलायस तो? डॅरलने तेव्हा हाच मागवला होता. माझ्या हाताने मी मागणी नोंदवली. दुसऱ्या दिवशी रेनो आला आणि त्याने ती रद्द केली.”

“खोटं.”

“गॉर्डन, सोड,” डॅरल म्हणाला. “लांबी लिहून घे आणि विषय संपव.”

“इथेच, या काउंटरपाशी बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं. डॅरल म्हणत होता, थांबा, या स्वस्तातल्यात पाणी शिरेल, तुम्हाला लाकडं ओढून ओढून मरायला होईल. रेनो ऐकेना.”

मार्लिस हसली, पण ते हसू ओठांवरच वाकडं झालं. “म्हणजे चिक्कूपणा केला म्हण की. माझ्या नवऱ्याने स्वतःचा जीव चिक्कूपणापायी घालवला, असंच ना?”

“गॉर्डन, मी सांगतोय तुला...” डॅरल पुढे सरकला.

गॉर्डनने त्याच्याकडे पाहिलंच नाही. “चांगला पाइप यायला तीन आठवडे लागणार होते, मार्लिस. तुमची घर तापवायची तेलाची भट्टी बंद पडली होती. रेनो म्हणाला, ‘ती न्यूमोनियातून उठून कालच घरी आलीय. अंगात कोट घालून झोपतेय, तरी तिचे दात वाजतात. मी तीन आठवडे ते ऐकत बसू? फळीवर जो असेल तो आजच दे.’”

मार्लिसचा हात पाइपावरून खाली आला. ती अडखळत डॅरलकडे वळली.

डॅरल तिच्याकडे बघतच नव्हता. त्याने गॉर्डनची कॉलर धरली होती, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता.

“हे तिला कधीच कळायला नको होतं!”