अहो

हृदय तपासायला आता कुणाला ट्रेडमिलवर पळवत नसत. किरणोत्सारी औषध टोचून पेशंटला कॅमेऱ्याखाली झोपवायचं, एकेका नातेवाइकाचं नाव पुकारायचं आणि कुठल्या नावाला हृदयाचं रक्त आटतं ते पडद्यावर बघायचं.

"दत्ताराम केळसकर," टेक्निशियन म्हणाली. कुंदाताईंचं हृदय लखलखीतच राहिलं.

"बघा! माझा कसला ताण हिला?" बाजूला उभे असलेले केळसकर म्हणाले.

कुंदाताईंना राहवलं नाही. "नावानं मी ह्यांना कधी हाकच मारली नाही."

"मग मारता तशी मारा," टेक्निशियन म्हणाली.

"अहो..."

"काय आहे?" केळसकर सवयीनं खेकसले.

पडद्यावर अर्धं हृदय काळं पडलं.

"मशीन बिघडलंय! ऊठ, चल घरी."

"अहो, आलेच," म्हणत कुंदाताई उठल्या आणि छाती धरून पुन्हा आडव्या झाल्या.