पूल ठीक आहे

चक्रीवादळ आंध्राकडे सरकलं होतं, पण नदी अजून फुगलेलीच होती. दुपारपासून लोकल बंद. बँक लवकर सुटली आणि ऊर्मी चेन्नईजवळच्या एन्नोरच्या अलीकडे, एका लहानशा स्टेशनवर अडकून पडली. पुलापलीकडे एन्नोर, तिथून पुढं घर. रस्ताही पाण्याखाली होता.

तिनं नवऱ्याला फोन लावला. लागला नाही. सकाळी मात्र मकरंद निवांत बोलला होता. "मी ऑफिसात आहे गं. डिसेंबरात वादळ आलं की आम्हा रेल्वेच्या इंजिनिअरांना काय, पंख्याखाली बसून फोन घ्यायचे."

तेवढ्यात प्लॅटफॉर्मच्या टोकाकडून एक तरुणी आली. अंगात निळा रेनकोट, खिशावर पिवळ्या दोऱ्याचे टाके. निळा दोरा संपला म्हणून ते टाके ऊर्मीनंच घातले होते.

"हा रेनकोट कुणाचा?" रागाच्या भरात तिच्या तोंडून मराठीच निघालं.

तरुणी दचकली, मग हसली. "तुम्ही मराठी की! आम्हीपण, तंजावरचे. मी कीर्तना, इथं ज्युनिअर इंजिनिअर. हा आमच्या मकरंद सारांचा."

"त्यांचा रेनकोट तुमच्या अंगात कसा?"

"सारच घाल म्हणाले." कीर्तनाचं हसू मावळलं. "तुम्ही?"

"मी त्यांची बायको. कुठं आहेत ते?"

कीर्तनाची नजर पुलाकडे गेली आणि घाईनं परत आली. ऊर्मीला तेवढं पुरलं. रविवारच्या ड्यूट्या, न लागणारे फोन, एकेक करून सगळं डोळ्यांसमोर उभं राहू लागलं. कधीपासून चाललंय हे?

"सारांनी घरी कळू द्यायचं नाही म्हणून सांगितलंय, अक्का," कीर्तना खाली बघत म्हणाली.

ऊर्मी काही बोलणार तोच हॉर्न वाजला. पलीकडून पुलावर एक इंजिन येत होतं. मागं एकही डबा नाही. माणूस चालेल इतक्या हळू.

"पुरात खांबाखालची माती गेली तर वरून कळत नाही," कीर्तना म्हणाली. "म्हणून आधी नुसतं इंजिन जाऊन येतं. आमच्यातलं कुणीतरी त्यात बसतं. आज माझी पाळी होती. सारांनी मला उतरवलं, रेनकोट दिला आणि स्वतः चढले."

पुलाच्या मध्यावर इंजिन थांबलं. कीर्तनाचे ओठ पुटपुटू लागले. ऊर्मीनं तिचा दंड कधी धरला, तिलाच कळलं नाही. इंजिन पुन्हा हललं.

ते प्लॅटफॉर्मला लागताच मकरंद खाली उतरला आणि बायकोला बघून जागीच थबकला.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"दर वादळात. सांगितलं असतं तर तुला झोप लागली नसती."

शेजारच्या प्लॅटफॉर्मवर अडकून उभी असलेली लोकल सुटणार असल्याची घोषणा झाली. खोळंबलेली माणसं धावत डब्यांत शिरली. मकरंदनं तिची पर्स उचलली, तिला दारापर्यंत नेलं. "तू हो पुढं. मी येतोच मागून."

"पूल ठीक आहे ना?"

"अगदी ठीक आहे."

दारातला दांडा धरून ऊर्मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. ऑफिसात आहे म्हणतानाही त्याचा आवाज असाच निवांत होता.